‘स्किप इंट्रो’ : सहावी ‘ब’मधल्या एका तक्रारीची हकिकत

नाशिकमधल्या एका सीबीएसई शाळेत, सहावीच्या एका वर्गात, एका मुलाला जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ रोज चिडवलं गेलं. शाळेने ते मनावर घ्यावं म्हणून पालकांनी काय काय केलं, कुठे चुकलं आणि कुठे जमलं, ते इथे लिहिते आहे. मुलाचं, शाळेचं, कुणाचंच नाव देत नाही. मी त्या वर्गाची पालक प्रतिनिधी होते. माझा मुलगाही त्याच वर्गात होता, त्या मुलाच्या मागे दोन बाक सोडून बसायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

मुलगा साडेअकरा वर्षांचा. गणितात चांगला, बुद्धिबळात त्याहून चांगला. बोलताना अडखळतो. शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी कधी ना कधी अशी अडखळतात. बहुतेकांचं अडखळणं पुढे सुटतं आणि मोठेपणी शंभरात एखाद्याचंच राहतं. शाळेच्या वयात मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये ते बरंच जास्त दिसतं. भित्रेपणामुळे किंवा लाडामुळे कुणी अडखळत नाही. पण समोरच्याने घाई केली की अडखळणं वाढतं, आणि सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना ते जवळपास नाहीसं होतं. हा मुलगा सकाळची प्रार्थना आणि मराठीची कविता वर्गाबरोबर खणखणीत म्हणायचा. वर्गाने त्यावरून स्वतःचा निष्कर्ष काढला होता: प्रार्थनेत बरोबर बोलतो, म्हणजे हा नाटक करतो.

अडखळणाऱ्यांना स्वतःचं नाव सांगणं बहुधा सगळ्यात जड जातं. बाकीचे शब्द अडले तर त्यांच्या जागी दुसरे घालता येतात, नावाच्या जागी काय घालणार? हजेरीच्या वेळी त्याचं तेच व्हायचं. ‘प्रेझेंट’मधला पहिलाच ‘प्र’ अडायचा. मागून कुणीतरी घड्याळ लावून सेकंद मोजायचं, मग आवाज यायचा, “स्किप इंट्रो!”, वेब मालिकेची सुरुवात वगळायचं बटण असतं तसं. सगळा वर्ग हसायचा. नाव पडलं ‘बफरिंग’. पुढे त्याला कुणी खऱ्या नावाने हाकच मारेना.

त्याच्या आईला हे कळलं ते समोशामुळे. शाळेच्या कँटीनसाठी दर शुक्रवारी त्याला पैसे मिळायचे. एका शुक्रवारी ती फी भरायला शाळेत गेली होती. पाहते तर हा रांगेत उभा, हातात समोसा. याला समोसा मुळीच आवडत नाही, वडापाव म्हटलं की जीव टाकतो. घरी आल्यावर तिने विचारलं. बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “व निघत नाही. मागचे ओरडतात. स निघतो.” कित्येक आठवडे तो तोंडातून निघेल ते खात होता.

“कोणी मारलं का?”

जुलैच्या पालकसभेत आईने वर्गशिक्षिकेच्या कानावर घातलं. उत्तर मिळालं, “अहो, मुलं आहेत, मस्करी करणारच. तुम्ही त्याला थोडं स्ट्राँग बनवा.” ऑगस्टमध्ये तिने मुख्याध्यापिकांना ईमेल केला. चार दिवसांनी सेक्शन कोऑर्डिनेटरने बोलावून घेतलं. पहिला प्रश्न, “कोणी मारलं का?” नाही. “डबा, पैसे काढून घेतले?” नाही. “मग नेमकं झालंय काय?”

या प्रश्नाला आईकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. “त्याला खूप चिडवतात” एवढंच ती म्हणू शकली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसा हा प्रकार. ना वळ दिसतो, ना फाटलेलं दप्तर दाखवता येतं, आणि ज्याच्यावर बेततं त्याचीच वाचा अडलेली.

कोऑर्डिनेटरने त्याच दिवशी एक गोष्ट केली, ती चांगल्या हेतूने केली असणार असंच मी धरते. दोन मुलांना वर्गासमोर उभं केलं, याला शेजारी उभं केलं आणि “सॉरी म्हणा, हात मिळवा” असं सांगितलं. दोघांनी हात मिळवला. ‘इट्स ओके’ म्हणायची पाळी याच्यावर आली. चाळीस मुलांसमोर त्याला ते म्हणायला किती वेळ लागला असेल, याचा अंदाज वाचणाऱ्यांनी करावा. दुसऱ्या दिवसापासून ‘बफरिंग’च्या आधी ‘चुगलखोर’ लागलं.

दोन बरोबरीच्या मुलांचं भांडण झालं असेल तर हात मिळवून ते मिटतं. इथे भांडण नव्हतंच. एका बाजूला एकटा मुलगा, दुसऱ्या बाजूला वर्ग. अशा वेळी दोघांना समोरासमोर उभं करून समेट करायला लावणं म्हणजे ज्याचा छळ होतो त्याला पुन्हा त्याच माराखाली देणं. शाळांमध्ये हे रोज होत असतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

वही

आई खचली, पण तिने एक शहाणपणाचं काम केलं. शंभर पानी वही घेतली आणि रोज संध्याकाळी मुलाशी दहा मिनिटं बोलून लिहायला लागली. ‘चिडवलं’ हा शब्द तिने वहीत एकदाही लिहिला नाही. तारीख, तास, जागा, कोण बोललं, नेमके शब्द काय, ऐकणारे कोण, हसलं कोण, एवढंच. रोज दहाच मिनिटं. मग वही बंद आणि बुद्धिबळाचा पट. मुलाचं संध्याकाळचं आयुष्य त्या वहीत अडकू नये याची तिने काळजी घेतली.

सप्टेंबरच्या अखेरीला ती वही घेऊन माझ्याकडे आली. सतरा शाळेचे दिवस, एकतीस नोंदी. काही अशा होत्या:

“हजेरी. ‘नेट स्लो आहे याचं.’”

“मधली सुट्टी, नळाजवळ. ‘याला सबटायटल लावा रे.’”

“इंग्रजीचा तास, धडा वाचन. बाईंनी मध्येच थांबवलं. ‘तू बस. तुझं होईपर्यंत बेल होईल.’ सगळे हसले.”

आणि ‘हसलं कोण’ या रकान्यात चार ठिकाणी माझ्या मुलाचं नाव.

मी ती पानं किती वेळ हातात धरून बसले होते, आठवत नाही. आठवतं ते वेगळंच. जूनमध्ये एकदा जेवताना आमचा मुलगा म्हणाला होता, “आई, आमच्या वर्गात एक बफरिंग आहे,” आणि मी विचारलं होतं, “म्हणजे काय रे?” त्याने नक्कल करून दाखवली होती. मी हसले होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लोकांना ऐकवत आले होते.

त्या रात्री मी त्याला रागावले नाही. वही समोर ठेवली आणि म्हटलं, वाच. त्याने वाचली. म्हणाला, “मी काही बोललो नाही गं. मी फक्त हसलो.” थोड्या वेळाने म्हणाला, “नाही हसलो तर माझ्यावर येईल.”

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली त्याच्या या दुसऱ्या वाक्यात होती. चिडवणारी मुलं दोन-तीनच असतात. त्यांना रोज नवं बळ देणारं हसू बाकीच्यांचं असतं, आणि त्यातली बरीचशी मुलं भीतीने हसतात. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातल्या ख्रिस्तिना साल्मिवाल्ली यांनी बघ्यांच्या याच भूमिकेवर संशोधन केलं. त्यातून ‘किवा’ नावाचा शालेय कार्यक्रम उभा राहिला आणि २००९पासून तो फिनलंडच्या शाळांमध्ये देशभर नेला गेला. त्याचा भर चिडवणाऱ्याला धरून चोपण्यावर नाही. वर्गाने हसणं थांबवावं, यावर आहे. मला हे सगळं नंतर वाचून कळलं. माझ्या मुलाला ते आधीपासून ठाऊक होतं.

सात सह्या

म्हणून तक्रार फक्त त्या मुलाच्या आईवडिलांची असू नये, असं मी सुचवलं. पीडित मुलाची आई एकटी गेली की शाळा तिला ‘ओव्हरसेन्सिटिव्ह’ म्हणून मोकळी होते. हसणाऱ्या मुलांचे पालक सोबत गेले तर शाळेला काय म्हणता येईल?

मी अकरा घरी फोन केले. ते फोन सोपे नव्हते. एकीने विचारलं, “याच शाळेत अजून सहा वर्षं काढायचीत, कशाला वाईटपणा घ्यायचा?” एक बाबा म्हणाले, “आम्हालाही शाळेत काय काय म्हणायचे, आम्ही मेलो का?” मी त्यांना विचारलं, “तुम्हाला काय म्हणायचे?” फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग त्यांनी तो शब्द सांगितला. तीस वर्षांपूर्वीचा शब्द, पण तो कुणी, कुठल्या इयत्तेत, कुठल्या मैदानावर दिला, हे सगळं त्यांच्या लक्षात होतं. सही करायला ते स्वतः आमच्याकडे आले. सहा घरं तयार झाली, त्या मुलाचं धरून सात.

अर्ज एका पानाचा केला. त्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. एका पालकांचे मेहुणे वकील. ते म्हणाले, दिव्यांग हक्क कायदा २०१६ लावा. कलम ९२मध्ये दिव्यांग व्यक्तीचा लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान करण्याला शिक्षा आहे. आम्ही कायद्याची अनुसूची काढून वाचली. वाचा आणि भाषा दिव्यांगत्व त्यात आहे, पण व्याख्येत स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा मेंदूच्या विकारामुळे आलेलं कायमचं दिव्यांगत्व, अशी भाषा आहे. अडखळणं त्यात सरळ बसत नाही. शिवाय समोर अकरा वर्षांची मुलं होती. आम्ही तो मार्ग सोडला आणि मला आजही ते बरोबरच वाटतं.

अर्जात दोनच आधार दिले. पहिला, शिक्षण हक्क कायदा २००९चं कलम १७. सहा ते चौदा वयाच्या कुठल्याही मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येणार नाही, आणि देणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होईल, असं ते सांगतं. हे कलम मुख्यतः शिक्षकांच्या वागण्यासाठी आहे. “तुझं होईपर्यंत बेल होईल” ही नोंद म्हणून महत्त्वाची होती. दुसरा, सीबीएसईचं मार्च २०१५चं परिपत्रक. शाळेत छळविरोधी समिती असावी आणि तिच्यात उपमुख्याध्यापक, ज्येष्ठ शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, पालकांचा प्रतिनिधी वगैरे असावेत, असं त्यात म्हटलं आहे. मी दोन वर्षं पालक प्रतिनिधी होते. अशी समिती असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

मागण्या सरळ ठेवल्या. समिती नेमून तिच्यातल्या लोकांची नावं सूचनाफलकावर लावा. वर्गासमोर माफी मागायला लावू नका. हजेरी आणि तोंडी परीक्षेची पद्धत बदला. वर्गाशी समुपदेशकांनी बोलावं, तेही या मुलाचा उल्लेख न करता. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. कुणाला शिक्षा करा, असं कुठेही लिहिलं नाही. वहीतल्या नोंदींच्या झेरॉक्स जोडल्या, चिडवणाऱ्या आणि हसणाऱ्या मुलांची नावं झाकून. ऑफिसमधले क्लार्क पोच द्यायला तयार नव्हते. “मॅडमना देतो ना, ठेवून जा.” आम्ही बाकावर बसून राहिलो. पाऊण तासाने दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही मिळाली. कुणी असा अर्ज देणार असेल तर माझं एकच सांगणं आहे, पोच घेतल्याशिवाय उठू नका.

‘छळ’ की ‘चिडवणे’

बैठक ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. मुख्याध्यापिका, कोऑर्डिनेटर, आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या समुपदेशक आणि आम्ही सात घरांतले नऊ जण.

मुख्याध्यापिका मॅडमचा पहिला आक्षेप ‘शाब्दिक छळ’ या शब्दांना होता. “छळ म्हणजे फार झालं. चिडवणे लिहा, आपण लगेच बघू.” मराठीत या गोष्टीला किती शब्द आहेत बघा: थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, खिल्ली, हेटाळणी, छळ. थट्टेत दोघं हसतात. टिंगलीत एक हसत नाही. हेटाळणीत त्याने हसावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. शाळेला पहिल्या पायरीचा शब्द हवा होता, कारण त्या पायरीवर काही करावं लागत नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र खरा होता आणि मी तो झटकणार नाही. “शाळेत चौदाशे मुलं आहेत. प्रत्येक शब्दाची तक्रार घ्यायची तर शिकवायचं कधी?” कुठल्या शब्दाला छळ म्हणायचं, यावर जगात दोन तऱ्हांनी विचार झालेला आहे. नॉर्वेत १९८२च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सोबत्यांकडून झालेला छळ असावा असं पुढे आलं. १९८३मध्ये तिथे देशभर मोहीम निघाली. त्या कामातले संशोधक डॅन ओल्वेयस यांच्या तीन कसोट्या आजही वापरल्या जातात: हेतू, वारंवारता आणि दोन बाजूंच्या बळातला फरक. जपानने दुसरी वाट धरली. ओत्सू शहरातल्या तेरा वर्षांच्या मुलाच्या २०११मधल्या मृत्यूनंतर त्याच्या वडिलांनी शाळेला आणि शिक्षण मंडळाला जाब विचारला, प्रकरण देशभर गाजलं आणि २०१३मध्ये तिथे छळ रोखण्याचा कायदा झाला. त्यात मुख्य कसोटी आहे ती ज्याच्यावर बेततं त्या मुलाला वेदना होते का, ही. माझं मत असं की ऐकून घेण्यासाठी जपानची कसोटी लावावी आणि कारवाई करायची वेळ आली की ओल्वेयसची. ऐकायलाच तीन अटी घातल्या तर कुठलंही मूल तोंड उघडणार नाही.

बैठकीत मी एवढं नीट मांडू शकले नाही. मांडायची गरजही पडली नाही. समुपदेशक बाईंनी वहीच्या झेरॉक्स मागून घेतल्या आणि न विचारता मोठ्याने वाचायला लागल्या. कुठलाही आव न आणता, तारखेसकट. ‘स्किप इंट्रो’ नऊ वेळा आलं. सातव्या-आठव्या वेळेपर्यंत खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. इंग्रजीच्या बाईंच्या वाक्यापाशी त्या थांबल्या, मॅडमकडे पाहिलं आणि तेही वाचलं.

इथे खरी घासाघीस झाली. मॅडम म्हणाल्या, बाकी सगळं करते, बाईंची नोंद अर्जातून काढा. आमच्यातल्या दोघांना ते पटलं, कारण पदरात बरंच पडत होतं. मुलाची आई पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली, “बाई तसं बोलल्यानंतर मुलांचं वाढलंय. तारखा बघा.” तारखा तिच्या बाजूने होत्या. वाचनाच्या तासाची ती नोंद तिसऱ्या दिवसाची. त्यानंतर नोंदी दुपटीने वाढल्या होत्या. शिक्षक हसतात तेव्हा वर्गाला परवानगी मिळते.

त्या बाईंना मी खलनायिका करणार नाही. चाळीस मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, युनिट टेस्ट तोंडावर. अडखळणाऱ्या मुलाला किती वेळ द्यायचा, मध्ये बोलायचं की नाही, हे त्यांना कुणी शिकवलंही नव्हतं. नोंद अर्जात राहिली. बाई आठवडाभराने समुपदेशन कक्षात मुलाला आणि आईला भेटल्या. “मी तसं म्हणायला नको होतं. चूक माझी,” एवढंच म्हणाल्या. मुलगा “हं” म्हणाला. आईने मला नंतर सांगितलं, त्या दिवशी तो घरी येऊन पाच वाजल्यापासून रात्री जेवणापर्यंत झोपला.

काय बदललं, काय नाही

लेखी उत्तर पंधराऐवजी बावीस दिवसांनी आलं. समिती नेमली गेली, नावं फलकावर लागली. पालकांकडून मला घेतलं. हजेरीला तोंडाने उत्तर द्यायची पद्धत सगळ्या सहावीसाठी बंद झाली. हात वर करायचा, बाई बघून खूण करतात. धड्याचं वाचन जोडीने सुरू झालं, दोन मुलांनी एका आवाजात वाचायचं. सगळ्यांसाठीच तसं केल्यामुळे ते त्याच्यासाठी आहे हे वेगळं दिसलं नाही, आणि जोडीने वाचताना तो अडखळत नाही. समुपदेशकांनी वर्गात तीन तास घेतले. चिडवणाऱ्या दोघांच्या पालकांना वेगवेगळं बोलावलं. एकाचे वडील चिडून गेले आणि मार्चमध्ये दाखला काढून घेतला. त्या मुलाबद्दल आमच्यापैकी कुणी काही करू शकलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

दोन ठिकाणी शाळेचा हात पोहोचला नाही. पहिलं, व्हॅन. ती खासगी, शाळा म्हणाली आमचा संबंध नाही. शेवटी व्हॅनवाल्या काकांनीच मार्ग काढला. त्यांनी त्याला आपल्या मागच्या सीटवर घेतलं आणि रोजचं पेट्रोलचं मीटर टिपून ठेवायचं काम दिलं. दुसरं, मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप. अडखळताना त्याचा चेहरा थबकतो, तसा फोटो काढून कुणीतरी स्टिकर केला होता. समितीने “शाळेबाहेरचा विषय” म्हणून हात वर केले. मला ते मान्य नव्हतं, आजही नाही, पण बहुमत माझ्याविरुद्ध गेलं. मग सात घरांनी आपापल्या मुलांच्या फोनमधून तो काढायला लावला. माझ्या मुलाच्या फोनमध्येही तो होता. त्याने काढला आणि ग्रुपवर लिहिलं, “हा नका टाकू.” त्यावर दोन दिवस त्यालाही बरंच ऐकावं लागलं. त्याने मला ते सांगितलं आणि आम्ही तेही वहीत लिहिलं.

मुलगा अजून अडखळतो. वाचा-उपचार आठवड्यातून एकदा चालू आहेत. ‘बफरिंग’ अधूनमधून कुणीतरी म्हणतंच. फरक असा की आता वर्ग हसत नाही, आणि म्हणणाऱ्याला ते लक्षात येतं.

एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं, आणि जूनच्या शेवटी समितीची पहिली बैठक. मी नोंदवही बघायला मागितली. पाच नोंदी होत्या. चार ठिकाणी शिक्षकांनी ‘चिडवले, समज दिली’ असं एका ओळीत उरकलं होतं. ती चारही पानं मी परत पाठवायला लावली. पाचवी नोंद चौथीच्या एका मुलीची. बसमध्ये तिच्या रंगावरून तिला रोज जे म्हटलं जायचं, तो शब्द तिच्या वर्गशिक्षिकेने अवतरणचिन्हांत जसाच्या तसा लिहिला होता. खाली तारीख, बसचा क्रमांक, सीट आणि हसलेल्या तीन मुलांची नावं.